सगुणामावशी, शिरका आणि तेजाब

मावशी, तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. रविवार उजाडला की अजून माझा हात आपसूक पर्सकडे जातो. गारखेड्यातून निघायचं, दोन रिक्षा बदलायच्या, बजाजनगरला तुमच्या लेकीच्या, रुखमाच्या घरी यायचं आणि तुमच्या खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तासभर वाद घालायचा, हा गेल्या सहा-सात वर्षांचा नेम होता. लोक म्हाताऱ्या माणसांकडे तब्येत विचारायला जातात. मी हरायला यायची, आणि हरून घरी गेले की आठवडा बरा जायचा.

तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिणं अवघड नाही, पण ते ऐकून तुम्ही "पुरं आता" म्हणाला असतात. मला लिहायचंय ते वेगळं आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी एक चूक केली, ती तुमच्या नावावर गेली, आणि ती माझी होती हे मी तुम्हाला तोंडाने कधीच सांगितलं नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. असं असलं की माणूस स्वतःची समजूत घालतो, आता बोलायचं राहिलंय तरी काय. तर राहतं, मावशी. लई राहतं.

चितेगावजवळच्या त्या रेशीम रंगवायच्या कारखान्यात मी आले तेव्हा बावीस वर्षांची होते. गंगापूरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, घराण्यातली पहिली बी.एस्सी., आणि डोक्यात त्या बी.एस्सी.चं वारं भरलेलं. मालकांनी माझ्यासाठी एक खोली करून दिली होती. टेबल, काचेची भांडी, थेंबथेंब मोजून सोडायची एक काचनळी म्हणजे बुरेट, आणि दाराला कुलूप. "आता आपल्याकडे सगळं मोजून-मापून," असं ते आल्यागेल्याला ऐकवत. तोवर तिथलं मोजमाप म्हणजे तुम्ही होतात. रेशमाच्या लडी काठ्यांवर टांगून गरम पाण्याच्या टाकीत सोडायच्या, पाण्यात रंग, आणि रंग रेशमाला धरावा म्हणून आंबट. आंबट म्हणजे असिटिक ॲसिड, शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. कारखान्यात सगळे त्याला शिरकाच म्हणत. तो किती घालायचा हे तुम्ही ठरवायचात. रंग टाकायच्या आधी टाकीतल्या पाण्याचा एक थेंब बोटावर घ्यायचा आणि जिभेच्या शेंड्याला लावायचा, ही तुमची रीत.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी ओरडलेच. "मावशी, ॲसिड आहे ते."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "आन् चिंच काय आसती मंग?"

तुमच्या माहेरी, धनगराच्या घरात, लोकर रंगवताना चिंचेचं पाणी घालत. तुम्ही त्या चवीवर वाढलेल्या होतात. मी पुस्तकावर वाढलेली, त्यामुळे मला हसू आलं आणि ते लपवायचं शहाणपणही सुचलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला "म्याडम" म्हणायला लागलात. त्यात मान किती आणि चेष्टा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ते तेजाब आलं. गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, शिरक्यापेक्षा स्वस्त पडायचं, आणि मालकांनी मला सहज विचारलं, "शिरक्याच्या जागी हे चालंल का, बघा जरा." मला हेच हवं होतं. तीन महिने झाले तरी माझ्या खोलीतून टाकीपर्यंत पोचलेलं असं काहीच नव्हतं. मी दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत घेतले आणि बुरेटमधून थेंबथेंब कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडलं. आंबटपणा मेला की भांड्यात टाकलेल्या सूचकामुळे पाणी एकदम गुलाबी होतं. तिथं थांबायचं आणि सोडा किती लागला ते वाचायचं. तुमच्या टाकीत जेवढा शिरका पडायचा तो मारायला जितका सोडा लागला, नेमका तितकाच सोडा खाईल एवढं तेजाब मी काढलं. आकडे इतके जुळले की मला माझंच कौतुक वाटलं. कागदावर लिहून दिलं: दोन्हींचा आंबटपणा सारखा, इतक्या शिरक्याऐवजी इतकं तेजाब वापरावं. खाली सही केली, आणि सहीखाली बी.एस्सी. लिहायला विसरले नाही.

डाळिंबी रंगाची मोठी खेप होती त्या दिवशी. तुम्ही नेहमीसारखा थेंब जिभेला लावलात आणि बाजूला थुंकलात.

"म्याडम, ह्ये आंबट नाय. ह्ये चावतंय."

"मोजलंय मावशी. दोन्ही सारखंच आहे."

"तुमचं मोजणं सारखं आसंल. माझ्या जिभंला सारखं नाय लागत. रंग उड्या मारंल हो यात."

"जीभ म्हणजे काही यंत्र नाही," मी म्हणाले.

हे मी सगळ्या बायांसमोर म्हणाले. तुम्ही पदर खोचलात आणि लडी टाकीत सोडल्यात. मालकांनी मान्य केलेल्या माझ्या कागदापुढं तुम्ही तरी काय करणार होतात.

रंगाने खरंच उड्या मारल्या. तेजाबाच्या पाण्यात तो रेशमावर असा तुटून पडला की लडीच्या बाहेरच्या धाग्यांनीच सगळा पिऊन टाकला. आतले धागे फिके, गाठीजवळ तर नुसते गुलाबट, आणि वर काळपट चट्टे. मालक आले, त्यांनी एक लडी उचलून उजेडात धरली. "सगुणाबाई, हे काय करून ठेवलं?" तुम्ही हात पुसत उभ्या होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलं असतंत तर बरं झालं असतं, मला काहीतरी बोलावं लागलं असतं. तुम्ही बघितलं नाहीत. मालक म्हणाले, "नजर गेली तुमची आता. काही दिवस घरी बसा. मग बघू."

मी माझ्या खोलीच्या दारात होते. चार शब्दांचं काम होतं. पण नोकरी तीन महिन्यांची, वडिलांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं की पोरगी कारखान्यात केमिस्ट झाली. मी मागे सरून खोलीत गेले. तुम्ही डबा घेतलात, चपला घातल्यात आणि पैठण रस्त्याकडे चालत गेलात. मी खिडकीतून बघत होते, हे तुम्हाला माहीत नसावं.

त्यानंतरचे आठ दिवस मी रोज तेच मोजत बसले. रोज सोडा तितकाच लागायचा, रोज पाणी त्याच ठिकाणी गुलाबी व्हायचं. मला मनापासून वाटत होतं की बुरेट बरोबर आहे, म्हणजे चुकल्या असणार त्या मावशीच. माणूस स्वतःला वाचवायला विज्ञानाचा किती छान उपयोग करतो, ते मी त्या आठवड्यात शिकले.

आठव्या दिवशी मी खोलीला आतून कडी लावली. दोन पेले भरले, एकात टाकीइतकाच पातळ शिरका, दुसऱ्यात सोड्याच्या मापाने त्याच्या बरोबरीचं तेजाब. आणि तुमच्यासारखं केलं. बोट बुडवून जिभेच्या शेंड्याला लावलं. शिरका आंबट लागला. पेला बदलला, आणि तेजाब चावलं, मावशी. तुमचाच शब्द माझ्या तोंडात आला, कारण दुसरा शब्द नव्हताच. मग टेबलाच्या खणात पडलेलं, कधी न उघडलेलं, आम्ल ओळखायच्या रंगपट्ट्यांचं पाकीट मी काढलं. शिरक्यात पट्टी नारिंगी झाली, तेजाबात लालबुंद.

परीक्षेसाठी घोकलेलं एक पान मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. प्रबल आम्ल आणि दुर्बल आम्ल. दुर्बल म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं, असा माझाही आतून समज होता. मार्क मिळाले म्हणून तो काही गेला नव्हता. खरी गोष्ट अशी की तेजाब पाण्यात पडलं की जवळजवळ सगळंच्या सगळं फुटतं. शिरका टाकीत शंभर भागांतला तीन-चार भागच फुटतो, बाकीचा तसाच अखंड राहतो. रंगाला आणि जिभेला भेटतो तो फुटलेला भाग. सोडा मात्र फुटलेला भाग खातो, मग राहिलेल्यातला थोडा फुटतो, सोडा तोही खातो, असं करत शेवटी सगळ्याचाच फडशा पाडतो. म्हणून माझे आकडे जुळले होते. एकूण आहे किती ते मी मोजलं होतं. आत्ता या घडीला अंगावर येतंय किती, ते तुम्ही चाखलं होतं. खरं दोघींचंही होतं, पण रेशमाला तुमच्या खऱ्याशी काम होतं.

मी मालकांकडे गेले आणि सांगितलं, की तेजाब आणि शिरका पाण्यात सारखे वागत नाहीत, मी प्रयोग करून शोधून काढलंय, सगुणाबाईंचा दोष नसावा. "नसावा" म्हणाले. तुम्ही आधी बजावलं होतं, हे म्हणाले नाही. मालक खूश झाले. "शाब्बास, पढाई का फायदा है," म्हणाले आणि स्कूटरवर माणूस पाठवून त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं, जणू तुमच्यावर मेहरबानीच करत होते. शाबासकी मला आणि मेहरबानी तुमच्यावर. मी दोन्ही होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. टाकीत शिरका परत आला होता. थेंब जिभेला लावलात, "आता बरं हाय," म्हणालात आणि काठ्या हलवायला लागलात. मी दिवसभर तुमच्या आसपास घुटमळत होते, की आता काहीतरी बोलाल, मनाला लागेल असं काही. दुपारी जेवायला बसलो. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि विचारलंत, "मंग सोडा सारखाच कामून लागला?"

तेवढंच. आठ दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या बाईने परत आल्यावर पहिला प्रश्न हा विचारला. त्या क्षणी मला तुमचे पाय धरावेसे वाटले होते, मावशी. मी पाय धरले नाहीत, उत्तर दिलं. जे समजलं होतं ते सगळं सांगितलं, फुटणारं, न फुटणारं, शंभरातलं तीन-चार. तुम्ही ऐकत राहिलात, मग म्हणालात, "म्हंजी वाघूरच की."

मेंढरांभोवती रात्री लावायचं जाळीचं कुंपण, त्याला तुमच्यात वाघूर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही भाकरीच्या फडक्यावर बोटाने गोल काढून दाखवलात. तेजाबाची वाघूर सपशेल पडलेली, शंभरच्या शंभर मेंढरं एकदम रानात, पिकाची नासाडी. शिरक्याच्या वाघुरीला एक बारकी फट. चारच मेंढरं बाहेर, बाकीची आत. बाहेरची चार कुणी हाकून नेली की आतून आणखी चार येतात. "आन् तुझा सोडा म्हंजी मेंढरं हाकून न्यायला आलेला गडी," तुम्ही म्हणालात. "त्यो आपला बसलाय फटीपाशी. संध्याकाळपत्तर दोन्हीकडची शंभरच भरणार. त्याला काय कळतंय रानात किती हुती ते."

मी घास हातात धरून बसले. तीन वर्षं कॉलेजात चार पुस्तकांना जे जमलं नव्हतं ते तुम्ही दोन घासांमध्ये केलंत. आणि जाता जाता तुम्ही मला "तू" म्हणालात, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्याडम त्या दिवशी संपल्या.

तिथून आपली भांडणं सुरू झाली आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली भांडणं होती. मी म्हणायची, आतली मेंढरं आत बसून असतात. तुम्ही म्हणायचात, "तू मेंढरं कदी बघितलीस का? आतलं भाईर येतंय, भाईरचं आत जातंय, एक मिनिट दम नसतो त्यास्नी. चारच दिसत्यात म्हणून तीच चार आसत्यात का?" मी महिनाभर वाद घातला आणि मग पुस्तक उघडून बघितलं, तर तुमचंच बरोबर. फुटलेला शिरका पुन्हा जुळतो, जुळलेला फुटतो, सतत, आणि बाहेरचा आकडा तेवढा तसाच राहतो. रेशीम वाळलं की शिरका उडून जातो पण तेजाब धाग्यात ठाण मांडून बसतं आणि धागा पोखरतं, हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "शिरका पाव्हणा हाय, तेजाब घरजावई." कारखान्यातल्या बाया हसून लोळल्या होत्या. एकीचा नवरा खरंच घरजावई होता, ती सगळ्यात जास्त हसली.

पुढे मी वाळूजच्या एका प्रयोगशाळेत गेले, तिथून दुसरीकडे, निवृत्तही झाले. तुम्ही मला दिलेलं सगळीकडे पुरलं. कुठलाही आकडा हातात आला की मी आधी उठून जाऊन ती वस्तू बघायची, तिथं काम करणाऱ्या माणसाला विचारायची, हे मोजलंय खरं, पण तुला काय वाटतं? साहेब लोक कंटाळायचे. पण माझ्या हातून पुन्हा तसं रेशीम बिघडलं नाही, आणि ते केवळ तुमच्यामुळे. नव्या पोरापोरींना मी तुमच्या मेंढरांचा दाखला द्यायची. "आमच्या एक मावशी होत्या," असं सुरू करायची आणि मेंढरं, वाघूर, हाकून नेणारा गडी, सगळं रंगवून सांगायची. फक्त ते आठ दिवस वगळून. इतक्या वेळा वगळले की ते वगळणंही सफाईदार झालं होतं.

शेवटच्या रविवारी तुम्हाला धाप लागत होती, तरी तुम्ही सोडलं नाहीत. मी बोलून गेले होते की शिरक्यात पाणी वाढवलं तर शंभरातली जास्त मेंढरं बाहेर पडतात. "खोटं," तुम्ही म्हणालात. "पानी घातलं की आंबट कमी लागतं. मेंढरं जास्त भाईर आन् आंबट कमी, आसं कुठं आसतं का?" मी म्हणाले, रान किती मोठं झालं ते बघा ना मावशी, मेंढरं वाढली पण रानाच्या मानाने विरळच. तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणालात, "लांब गेलेल्या मेंढराला माघारी वाट घावत न्हाई, म्हणून भाईर जास्त ऱ्हात्यात. आसं सरळ सांगावं की." ते तसंच आहे, मावशी. इतकं सरळ मला आजही सांगता येत नाही. मी त्या दिवशी हरून, आनंदात घरी गेले. जाताना तुमचा हात हातात घेतला होता, आणि चूक माझी होती, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण रुखमा चहा घेऊन आली, आणि मला निमित्त मिळालं.

तुमच्या दहाव्याला मी आले. जेवणं उरकल्यावर रुखमा माझ्याजवळ येऊन बसली आणि तुमच्याबद्दल बोलायला लागली. बोलता बोलता म्हणाली, "आईच्या हातून एकदा रेशीम बिघडलं हुतं ना वो? मी ल्हान हुते. तवा ती आठ दिस लोकाच्या रानात खुरपायला गेलती. बाया टोमणे मारायच्या, हिनं मालकाचं रेशीम नासवलं म्हणून. मी रडत घरी आले आन् आईला इचारलं. तर म्हणली, हुतं बाई कदी कदी." रुखमा हसली. "तुमी तिथंच हुत्या ना?"

म्हणजे तुम्ही लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतंत. लेक रडत आली तरी नाही. गेली सहा-सात वर्षं दर रविवारी मी ज्या घरात चहा पीत होते, त्या घरात माझी चूक तुमच्या नावाने नांदत होती, आणि तुम्ही मला एका शब्दाने ते कळू दिलं नाहीत.

मी म्हणाले, "रुखमा, ते रेशीम मी बिघडवलं. तुझ्या आईनं मला आधी सांगितलं होतं की हे चावतंय, रंग उड्या मारेल. मी ऐकलं नाही. मालक त्यांना बोलले तेव्हा मी तिथं उभी होते आणि गप्प बसले."

रुखमाचे डोळे भरून आले आणि ती उठून आत गेली. मला वाटलं, आता मला या घरात जागा नाही, आणि ते रास्तच आहे. मी पर्स उचलली. तेवढ्यात ती परत आली. तिच्यामागे तिचा नवरा होता, तुमचे भाऊ होते, गावाकडून आलेल्या बायका होत्या, दोन शेजारणी होत्या. "बसा समदे," ती त्यांना म्हणाली. मग माझ्यासमोर खाली बसली.

"आईचं बरोबर हुतं, ते पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापून सांगा."

मी पहिल्यापासून सांगितलं, मावशी. या वेळी काही वगळलं नाही.